इरिओमोते रानमांजर

जपानच्या अगदी दक्षिणेकडील इरिओमोते या एकाच बेटावर आढळणारे, पाळीव मांजराएवढ्या आकाराचे जंगली मांजर. जपानी भाषेत त्याला ‘इरिओमोते यामानेको’, म्हणजे इरिओमोतेचे डोंगरमांजर म्हणतात. त्याची एकूण संख्या शंभराच्या आसपास आहे. १९६७ साली ते जगासमोर आले तेव्हा त्याच्यासाठी एक नवी प्रजाती आणि तिच्यात एक नवी जाती निर्माण करण्यात आली. पुढे प्रजाती गेली, मग जातीचा दर्जा गेला, आणि २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने त्याचे उपजाती म्हणून असलेले वेगळेपणही अमान्य केले. पन्नास वर्षांत कागदावर ते तीन पायऱ्या खाली उतरले. या काळात मांजरात काहीच बदल झाला नव्हता.

वर ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ हे शब्द विश्वकोशाच्या जुन्या रूढीने वापरले आहेत. इंग्रजीत जिला स्पीशीज म्हणतात ती जाती, आणि तिच्या वरची पायरी, जीनस, ती प्रजाती. वर्तमानपत्रांत व समाजमाध्यमांवर ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरला जातो, त्यामुळे मराठीत वर्गीकरणाविषयी काहीही वाचताना लेखक कोणत्या बाजूचा आहे हे आधी पाहावे लागते. मांजरांच्या नावांतही हाच घोळ आहे. ‘वाघाटी’ हे नाव कोणी तांबूस ठिपक्यांच्या इवल्याशा मांजराला देतात, तर कोणी बिबट्यासारखे ठिपके असलेल्या जरा मोठ्या मांजराला. इथे दुसऱ्या मांजराला बिबट मांजर म्हटले आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

बेट

इरिओमोते हे ओकिनावा प्रांताच्या यायेयामा द्वीपसमूहातले बेट तैवानपासून पूर्वेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. टोकियो तिथून सुमारे २,००० किलोमीटर दूर पडते. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम २८९ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून बरेच कमी. सर्वांत उंच कोमी डोंगर ४७० मीटरांच्या आतच आहे. बेटाचा सुमारे नव्वद टक्के भाग उपोष्ण कटिबंधातल्या सदाहरित जंगलाने झाकलेला आहे, आणि उराउची व नाकामा या नद्यांच्या मुखांशी खारफुटीची दाट वने आहेत. स्वतंत्र रानमांजर टिकून असलेले जगातले सर्वांत लहान बेट म्हणून त्याचा उल्लेख होतो.

इतक्या लहान जागेत जंगल शाबूत राहिले याचे एक मोठे कारण हिवताप. बेटावर मलेरियाचा इतका जोर होता की वस्ती कधी फारशी वाढलीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, शेजारच्या हातेरुमा बेटावरच्या लोकांना लष्कराने बळजबरीने इरिओमोतेवर हलवले आणि त्यांच्यातले शेकडो मलेरियाने मेले. हा रोग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आटोक्यात आला. मांजर विज्ञानाला माहीत झाले त्यानंतर तीन-चार वर्षांतच, आणि यात योगायोगाचा भाग कमीच असावा.

बेटावरच्या लोकांना मात्र ते आधीपासून माहीत होते. तिथल्या बोलीत मांजराला ‘माया’ म्हणतात. आपल्या मायेशी या शब्दाचा काही संबंध नाही. घरातली ती माया. घर सोडून पळालेली, उनाड झालेली ती पिंगीमाया. रानातली ती यामामाया, हिलाच यामापिकारिया, म्हणजे डोंगरात चमकणारी असेही म्हणत. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की ते चमकतात, त्यावरून हे नाव पडले. पाळीव, भटके आणि जंगली असे तीन वर्ग बेटकऱ्यांनी कवट्या न मोजताच पाडले होते.

शोध

ऱ्यूक्यू विद्यापीठातील तेत्सुओ ताकारा यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांच्या कानांवर या मांजराच्या कथा आल्या होत्या, पण हाती ठोस पुरावा नव्हता. तो मिळवला एका लेखकाने. युकिओ तोगावा हे जपानमधले नाओकी साहित्य पारितोषिक मिळालेले, प्राण्यांवर कथा लिहिणारे साहित्यिक आणि पत्रकार. १९६५ च्या सुरुवातीला ते इरिओमोतेला गेले. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. गावकऱ्यांकडून मिळालेली कातडी, कवटी आणि विष्ठा घेऊन ते टोकियोला परतले आणि त्यांनी ती राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयातील सस्तन प्राण्यांचे तज्ज्ञ योशिनोरी इमाइझुमी यांच्यापुढे ठेवली.

सुटलेल्या पाळीव मांजराची रानटी पिलावळ असेल, हा पहिला संशय साहजिक होता. कवटी पाहिल्यावर तो मागे पडला, पण नवा प्राणी जाहीर करायला एवढे पुरेसे नव्हते. तोगावा पुन्हा बेटावर गेले आणि आणखी नमुने घेऊन आले. १९६७ मध्ये इमाइझुमी यांनी जपानच्या सस्तन प्राणी संस्थेच्या नियतकालिकात या मांजराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मायाइलुरस इरिओमोटेन्सिस असे नाव दिले. त्यातले ‘माया’ बेटाच्या बोलीतले आणि ‘आइलुरस’ ग्रीकमधले. दोन्हींचा अर्थ मांजरच. मोटारी, दूरचित्रवाणी आणि बुलेट ट्रेनच्या जपानमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अज्ञात रानमांजर सापडते, ही बातमी देशभर गाजली.

वर्णन

डोके व धड मिळून लांबी ५० ते ६० सेंटिमीटर, वजन नराचे साडेतीन ते पाच किलो आणि मादीचे तीन-साडेतीन किलो. अंगावर गडद तपकिरी छटा, तिच्यावर दाट पण फारसे न उठणारे ठिपके. पाय आखूड, शेपूट जाड, कानांची टोके गोलसर. कानांच्या मागे पांढरा डाग असतो, तो पाळीव मांजरात नसतो. वाघाच्या कानामागेही असाच डाग दिसतो. पिल्ले साधारण एप्रिल ते जूनमध्ये, एका वेळी एक ते तीन होतात.

वर्गीकरणाचा वाद

इमाइझुमींनी मुख्य भर दिला तो कवटीवर आणि दातांवर. पाळीव मांजराला तीस दात असतात. या मांजराला अठ्ठावीसच आढळले, कारण वरच्या जबड्यातली छोट्या उपदाढांची एक जोडी त्याला नव्हती. कवटीची आणखी काही वैशिष्ट्ये त्यांना फार जुनी, आदिम वाटली. त्यांचे साम्य त्यांनी लुप्त झालेल्या जीवाश्म मांजरांशी आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही छोट्या मांजरांशी लावले. मार्जार कुलाचा एक अतिप्राचीन अवशेष समुद्राने वेढलेल्या बेटावर लाखो वर्षे तग धरून राहिला, असे हे चित्र होते. ते मोहक होते, आणि ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द वर्तमानपत्रांना आवडणारच. पण त्याच्यामागे मोजकेच नमुने होते, आणि बिबट मांजराच्या दूरदूरच्या समूहांशी त्यांची पुरेशी तुलना झालेली नव्हती.

ही त्रुटी १९७७ मध्ये ग्लास आणि टॉड या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिली. बिबट मांजर भारतापासून आग्नेय आशिया, चीन, कोरिया ते रशियाच्या अमूर खोऱ्यापर्यंत पसरलेले आहे. प्रदेशाप्रमाणे त्याचा आकार, रंग, ठिपके आणि कवटी बदलत जाते. या सगळ्या पसाऱ्यात ठेवून पाहिले तर इरिओमोतेचे मांजर टोकाला असले तरी त्याच ओळीत बसते, असे त्यांनी मांडले. हरवलेल्या उपदाढेचीही तीच गोष्ट. हा दात मुळातच खुरटा असतो आणि बिबट मांजराच्या गोतावळ्यात तो अधूनमधून गायब असतो. एका दातावर अख्खी प्रजाती उभी करणे धाडसाचेच होते.

मग गुणसूत्रे आली. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या ठिपकेदार मांजरांच्या शाखेत ३६ गुणसूत्रे असतात, आशियातल्या बिबट मांजरात ३८. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इरिओमोतेच्या मांजराची गुणसूत्रे बिबट मांजराशी जुळणारी निघाली. दक्षिण अमेरिकेशी नात्याची कल्पना तिथेच संपली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर र्‍युइची मासुदा आणि मिचिहिरो योशिदा यांनी सूत्रकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियातील) डीएनए तपासून दाखवले की इरिओमोतेचे मांजर आणि जपान-कोरियाच्या मधल्या त्सुशिमा बेटावरचे रानमांजर ही दोन्ही एकाच, बिबट मांजराच्या वंशरेषेत येतात. मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपासून ते वेगळे पडले त्याला दोन लाख वर्षांहून कमी काळ झाला, असे अंदाज निघाले. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा आलेला पाहुणा, पाणी चढल्यावर अडकला. उत्क्रांतीच्या हिशेबात ही कालची गोष्ट आहे.

एवढ्यावर वाद मिटला असता, पण जाती ठरवण्याची एकच फूटपट्टी नाही. शाळेत शिकवतात ती कसोटी म्हणजे एकमेकांत प्रजनन करून सुदृढ, जननक्षम संतती होणारे ते एका जातीचे. बेटावरच्या प्राण्याला ती लावायची कशी? इरिओमोतेच्या मांजराची अमूरच्या मांजराशी गाठ पडतच नाही. पिंजऱ्यात जोडी लावून उत्तर मिळेल असेही नाही, कारण बिबट मांजर आणि पाळीव मांजर यांचा संकर करून माणसांनी ‘बेंगॉल’ नावाची पाळीव जात तयार केलीच आहे. म्हणून कोणी त्या दोघांना एक जाती म्हणत नाही. मग उरतात डीएनएतले अंतर, शरीराची ठेवण आणि भूगोल. यांतल्या कशाला किती वजन द्यायचे हे शेवटी माणूसच ठरवतो.

पाउल लायहाउझेन यांनी ठेवणीला वजन दिले. मांजरांच्या वर्तनावर आयुष्य घालवलेल्या या जर्मन शास्त्रज्ञाने मिर्चा फ्लायडरर यांच्यासह लिहिलेला लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इरिओमोतेचे मांजर बिबट मांजराच्या प्रायोनेलुरस प्रजातीतच, पण प्रायोनेलुरस इरिओमोटेन्सिस ही वेगळी जाती म्हणून ठेवावे, असा युक्तिवाद त्यात होता. २००५ च्या सस्तन प्राण्यांच्या प्रमाण जागतिक सूचीनेही ते स्वतंत्र जाती म्हणूनच नोंदवले. त्याच वेळी जपानचे सरकार आणि बहुतेक जनुकशास्त्रज्ञ त्याला प्रायोनेलुरस बेंगालेन्सिस इरिओमोटेन्सिस, म्हणजे बिबट मांजराची उपजाती म्हणत होते. एकाच प्राण्याची दोन अधिकृत नावे बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदली.

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या मार्जार तज्ज्ञगटाने संपूर्ण मार्जार कुलाची नव्याने मांडणी केली. शरीररचना, जनुके आणि भूगोल या तिन्हींचा पुरावा एका दिशेने जातो का, हे त्यांनी पाहिले आणि जगात मांजरांच्या ४१ जाती धरल्या. बिबट मांजराचा निकाल मोठा मजेशीर लागला. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि फिलिपाईन्समधल्या बेटांवरची मांजरे जनुकीयदृष्ट्या बरीच दूर निघाली, म्हणून त्यांना बढती मिळून प्रायोनेलुरस जावानेन्सिस ही वेगळी जाती झाली. त्यांच्याकडे इतकी वर्षे कोणी फारसे पाहिले नव्हते. आणि ज्याच्या वेगळेपणाचा अर्धे शतक गाजावाजा झाला ते इरिओमोतेचे मांजर अमूर, कोरिया आणि त्सुशिमाच्या मांजरांबरोबर युप्टिलुरस या उत्तरेकडच्या उपजातीत विलीन करण्यात आले. जपानमध्ये शासकीय कागदपत्रांत जुने उपजातीचे नाव अजून वापरात आहे.

प्रस्तुत लेखकाला २०१७ चा निकाल पुराव्याला धरून वाटतो, पण तो पूर्ण चित्र देत नाही. डीएनएच्या तराजूत दोन लाख वर्षे हलकी असतील. त्या काळात या मांजराने जे केले ते हलके नाही, आणि ते दातांपेक्षा त्याच्या ताटात दिसते.

आहार

मुख्य भूमीवरचे बिबट मांजर प्रामुख्याने उंदीर-घुशींवर जगते. इरिओमोतेवर मुळात उंदीरच नव्हते. आज दिसणारे काळे उंदीर माणसाबरोबर आलेले आहेत. छोट्या सस्तन प्राण्यांवाचून जगणे बहुतेक रानमांजरांना जमत नाही. याने आपला शिधा बदलला. बेडूक, सरडेवर्गातले किशिनोउए नावाचे मोठे साप-सुरळे, पाणपक्षी व इतर पक्षी, साप, रातकिडे, गोड्या पाण्यातली कोळंबी, मासे, खेकडे, फलाहारी वटवाघळे असे काहीही त्याला चालते. विष्ठेच्या तपासणीतून त्याच्या आहारात नव्वदहून अधिक प्रकारचे प्राणी नोंदले गेले आहेत. ते पाण्यात उतरते, पोहते, प्रसंगी बुडी मारून भक्ष्य पकडते.

बेडकांचा वाटा विशेष मोठा आहे, आणि म्हणून ओढ्याकाठच्या, दलदलीच्या, किनाऱ्यालगतच्या सखल जंगलात ही मांजरे जास्त आढळतात. डोंगराच्या पोटातले गर्द रान त्यांच्या दृष्टीने दुय्यम. अडचण अशी की भातशेती, गावे आणि बेटाचा एकमेव मोठा रस्ता हे सगळेही त्याच सखल पट्ट्यात आहे.

सह्याद्रीतले नातेवाईक

मराठी वाचकाला हे मांजर परके वाटायचे कारण नाही. त्याचे सख्खे भाऊबंद सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांत राहतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की पश्चिम घाटातली बिबट मांजरे हिमालय व ईशान्येकडच्या मांजरांपासून तुटलेली आहेत. मधला दख्खनचा आणि मध्य भारताचा कोरडा, उन्हाळ्यात भाजून काढणारा प्रदेश त्यांना मानवत नाही. त्याच प्रदेशात साधी रानमांजर मात्र सुखाने नांदते, तिच्यात असा तुटकपणा आढळला नाही. म्हणजे घाटातली जंगले ही या प्राण्यापुरती बेटेच आहेत, भोवती समुद्राऐवजी ऊन. त्यांना वेगळे नाव द्यावे असे आजवर कोणी जोराने म्हटलेले नाही. इरिओमोतेभोवतीचे पाणी नकाशावर दिसते, घाटाभोवतीचे ऊन दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असू शकेल. प्रायोनेलुरस प्रजातीतली तांबूस ठिपक्यांची वाघाटी, जिची पिल्ले ऊसतोडणीच्या वेळी महाराष्ट्रात वरचेवर सापडतात, ही या मांजराची जरा लांबची नातलग.

संख्या व संरक्षण

१९८० च्या दशकातल्या पाहणीत ८३ ते १०८, १९९० च्या दशकात ९९ ते ११० आणि २००५ नंतरच्या पाहणीत १०० ते १०९ मांजरे असल्याचा अंदाज आला. संख्या मोठी कधीच नव्हती. १९७२ मध्ये ओकिनावा जपानला परत मिळाले तेव्हा मांजराला राष्ट्रीय निसर्गवारसा म्हणून संरक्षण मिळाले, १९७७ मध्ये विशेष निसर्गवारशाचा दर्जा दिला गेला, १९९४ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली ते आले आणि १९९५ मध्ये बेटावर वन्यजीव संवर्धन केंद्र सुरू झाले. जपानच्या लाल यादीत २००७ पासून ते अतिसंकटग्रस्त आहे. २०२१ मध्ये इरिओमोते, आमामी ओशिमा, तोकुनोशिमा आणि ओकिनावा बेटाचा उत्तर भाग यांना मिळून युनेस्कोने जागतिक वारसास्थळ घोषित केले. वर्गीकरणातली घसरण आणि कायद्यातली चढण एकाच काळात चालू राहिली, हे नोंद घेण्यासारखे. उपजाती ठरल्यामुळे कुठलेही संरक्षण कमी झाले नाही.

संरक्षणाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. लायहाउझेन यांनी १९७० च्या दशकात बेट पाहून माणसांच्या वस्त्या तिथून हलवाव्यात अशी सूचना केली. ब्रिटनचे राजपुत्र फिलिप यांनी पत्र लिहून हा विषय जपानच्या युवराजांपर्यंत नेला. मलेरियात माणसे गमावलेल्या आणि एकदा बळजबरीच्या स्थलांतराचा अनुभव घेतलेल्या बेटकऱ्यांना ही सूचना कशी लागली असेल ते सांगायला नको. ‘मांजर की माणूस’ असा वाद पेटला, आणि त्याची कटुता बरीच वर्षे टिकली.

आजचा सर्वांत ठळक धोका मोटारींचा आहे. १९७८ पासून गाडीखाली आलेल्या मांजरांची नोंद ठेवली जाते आणि त्यांतली बहुतेक मेलेली आढळली आहेत. शंभरातल्या दोन-तीन मादी एका वर्षात गेल्या तरी हिशेब बिघडतो. रस्त्याखालून प्राण्यांसाठी बोगदे काढले आहेत, वेगमर्यादा आहे, मांजर दिसलेल्या जागी फलक लावतात. पर्यटक वाढले तसे भाड्याच्या गाड्याही वाढल्या.

दुसरा धोका बेटावरच्या पाळीव मांजरांचा. भटक्या मांजरांकडून रोग, विशेषतः मांजरांतील एड्ससारखा विषाणू, रानमांजरांत शिरण्याची भीती आहे, आणि त्यांची भक्ष्यावरून स्पर्धाही होते. संकराची शक्यताही नाकारता येत नाही. त्यामुळे बेट ज्याच्या कारभारात येते त्या ताकेतोमी नगरपालिकेने २००१ मध्ये मांजर पाळण्याविषयी नियम केले आणि २००८ मध्ये ते कडक केले. आता इरिओमोतेवर मांजर पाळायचे तर नोंदणी हवी, कातडीखाली ओळखचिप हवी, लस हवी. बेवारशी सापडलेली मांजरे पकडून बेटाबाहेर नेतात. माया कोणती, पिंगीमाया कोणती आणि यामामाया कोणती, हे आता चिप वाचून ठरते.